आधी वही, मग वर्ग

नव्याने शिक्षक झालात? अभिनंदन. आता पहिलं काम करा, मुलांची काळजी सोडा. मुलं काय, वर्गात येणारच आहेत. टाचणवही, म्हणजे पाठ कसा घेणार ते आधी लिहून ठेवायची वही, आपोआप भरत नाही.

सुरुवात क्रियापदांपासून. 'मुलांना अपूर्णांक समजतील' असलं भाबडं वाक्य चुकूनही लिहू नका. समजणं मोजता येत नाही. 'सांगतो', 'ओळखतो', 'वर्गीकरण करतो' अशी क्रियापदं हाताशी ठेवा. शिक्षणमानसशास्त्रज्ञ ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शिकण्याच्या उद्दिष्टांच्या सहा पातळ्या मांडल्या, माहिती लक्षात ठेवण्यापासून मूल्यमापनापर्यंत. २००१ च्या सुधारणेत मूल्यमापनाच्याही डोक्यावर नवनिर्मिती जाऊन बसली. तुम्ही एकाच तासात वर्गाला सहाही पातळ्या चढवा. कागदावर कुणाला दम लागत नाही.

मग पाठाच्या पायऱ्या. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट यांनी मुळात चारच सांगितल्या होत्या, पाच केल्या त्या त्यांच्या अनुयायांनी. तेव्हापासून रकाने वाढतच आहेत. 'पूर्वज्ञान' या रकान्यात 'विद्यार्थ्यांना भागाकार येतो' असं ठोकून द्या. खरंच येतो का, हे विचारायला जाऊ नका. उगाच खाडाखोड होते.

प्रश्न आधीच लिहा आणि समोर अपेक्षित उत्तरही. 'एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?' तिसऱ्या बाकावरची एक मुलगी ठणकावून सांगेल, "चतुर्थांश. चार तिनापेक्षा मोठे ना?" गडबडू नका. आजवर ती ज्या संख्या शिकली, त्यांत चार मोठेच होते. पोरीने डोकं लावलंय. खरं तर इथेच थांबून दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात, एकीचे तीन भाग, दुसरीचे चार, आणि तिलाच एकेक तुकडा शेजारी ठेवायला... पण त्याला रकाना नाही. "आणखी कोण सांगेल?" म्हणा. पहिल्या बाकावर एक हात कायम वर असतोच. त्याचं उत्तर बरोबर आलं की संपूर्ण वर्गाचं उद्दिष्ट साध्य.

उत्तराची वाट मात्र पाहू नका. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना वर्गांच्या अभ्यासात आढळलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलं लांब उत्तरं देतात, स्वतःहून प्रश्नही विचारू लागतात. हीच तर भीती! मुलं प्रश्न विचारत बसली तर घटक महिनाअखेर संपायचा कसा?

साहित्य: तक्ता. झालं.

शेवटचा रकाना पाठानंतर भरायचा असतो म्हणे. आदल्या रात्रीच भरून मोकळे व्हा: 'पाठ परिणामकारक झाला.' दोन दिवसांनी गृहपाठाच्या वह्या येतील, त्यात तिसऱ्या बाकावरचीही असेल. चतुर्थांश अजून मोठाच. लाल फुली मारा आणि पान उलटा. पुढचा घटक दशांश अपूर्णांकांचा आहे, तिथे ०.१२ हे ०.५ पेक्षा मोठं निघणार आहे, कारण बारा पाचापेक्षा मोठे. त्याचं टाचण झालं ना?