खुंटीला टांगलेला सूर

गिटारचा सूर उतरला की शिव्या खुंट्या खातात. माणूस सहा लॉकिंग ट्यूनर (तार आवळून धरणाऱ्या खुंट्या) मागवतो, खिशाला चाट लावून घेतो, हौसेने बसवतो, आणि दुसऱ्याच गाण्यात तिसरी, म्हणजे ‘जी’ (G) तार पुन्हा भलतीकडे. खुंट्यांच्या बाजूने बोलणारं कुणी दिसत नाही, म्हणून हे वकीलपत्र मी घेतो.

मुद्दा साधा आहे. खुंटीच्या पोटातला वर्म गिअर एकाच बाजूने चालतो: खुंटी तारेला फिरवते, तार खुंटीला फिरवू शकत नाही. दहाच्या सेटच्या (जाडी .०१० ते .०४६ इंच) सहा तारा मिळून साधारण ४७ किलोचा ताण देतात, तरी बरी खुंटी ढिम्म हलत नाही. तिच्यात फार तर दात्यांची थोडी ढिलाई असते. म्हणून सूर नेहमी खालून वर चढवत लावायचा. वर गेला तर चांगला खाली उतरवायचा आणि पुन्हा चढत यायचं. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या बसवलेल्या गिटारच्या डोक्यावर, पुढून दिसणारे षट्कोनी बोल्ट दहाच्या पान्याने हलकेच आवळून बघा. ते घट्ट असतील तर खुंट्यांची उलटतपासणी संपली.

बहुतेक वेळा खरा आरोपी म्हणजे नट, खुंट्यांच्या अलीकडचा, तारा ज्याच्या खाचांतून जातात तो हाडाचा किंवा प्लास्टिकचा पांढरा तुकडा. खुंटी पिळताना ‘टिंग’ ऐकू येतं ना, तो त्याचा कबुलीजबाब. तार खाचेत अडकते, मागे ताण साठतो, सूर मोजणाऱ्या ट्यूनरचा काटा झोपलेलाच राहतो, आणि मग टिंग! काटा शून्य ओलांडून पलीकडच्या गल्लीत. पुरावा हवा असेल तर दोन प्रयोग करा. जोरात बेंड केल्यावर (तार बोटाने आडवी ताणल्यावर) तार उतरली आणि नट व खुंटीच्या मधल्या भागावर बोट दाबल्यावर परत चढली, तर गुन्हा नटचा. ट्रेमोलोचा, म्हणजे ब्रिज हलवून सूर डुलवणारा, दांडा खाली दाबून सोडल्यावर तार चढलेली राहिली, तरी पहिला संशय नटवरच. बोट दाबूनही तार जागेवर आली नाही, तर खुंटीवरचे वेढे सरकतायत.

नटवर पहिला उपाय पाच रुपयांचा. तार सैल करून खाचेतून बाजूला घ्या, २बी किंवा त्याहून मऊ पेन्सिलीचं टोक खाचेत घासा, तार परत बसवा. यावर भागलं तर देवाला नारळ फोडा. नाही भागलं तर खाच अरुंद आहे. नवाच्या सेटसाठी कापलेल्या खाचेत दहाचा सेट कोंबला की हे हमखास होतं. खाच तारेपेक्षा दोन-तीन थाऊ (इंचाचे हजारांश) रुंद हवी आणि हेडस्टॉकच्या दिशेने किंचित उतरती. कानस मारताना मात्र लोकांच्या अंगात सुतार संचारतो. खाच जरा जास्त खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) खरखरते. मग स्वयंपाकघरातला खायचा सोडा, त्यावर फेविक्विकचा थेंब, आणि वाळल्यावर पुन्हा कानस. घरच्यांना सोडा का संपला ते सांगायच्या भानगडीत पडू नका.

गिब्सनच्या लेस पॉल गिटारवाल्यांचं दुखणं जन्माचं आहे. १९५२ पासून हेडस्टॉक तीन-तीन खुंट्यांचा आणि मागे झुकलेला. डी आणि जी तारा नटमधून निघाल्या की बाहेरच्या बाजूला तिरक्या वळतात, खाचेच्या भिंतीला घासतात. फेंडरच्या स्ट्रॅट गिटारच्या सहाही खुंट्या एका रांगेत, तारा सरळ. तिथे फक्त तार दाबून धरणाऱ्या स्ट्रिंग ट्रीखाली ग्रॅफाइट लावायचं विसरू नका.

वेढ्यांबद्दल थोडक्यात. साध्या तारेला तीन-चार, वरून बारीक तार गुंडाळलेल्या जाड तारेला दोन-तीन, एकाखाली एक, एकावर एक नाही. काही जण उरलेली तार कापायचा जीव होत नाही म्हणून दहा वेढे देतात. त्या वेटोळ्यातला प्रत्येक वेढा बेंडगणिक थोडा थोडा आवळत जातो. नवी तार बाराव्या फ्रेटजवळ धरून बोटभर उचलायची, उतरलेला सूर परत लावायचा, आणि सूर उतरायचा थांबेपर्यंत हेच करायचं. चार-पाच फेऱ्या पुरतात. हे न करता थेट स्टेजवर जाणाऱ्याला हार्मोनियमवाल्याच्या नजरेला नजर देता येत नाही.

आता ‘जी’ तार. ती सगळ्यांत नाठाळ का? .०१७ ची साधी तार, ताण शेजारच्या .०१३ च्या बीपेक्षा थोडासाच जास्त, पण जाडी बरीच जास्त. म्हणजे तिचं पोलाद जेमतेम ताणलेलं. अशा तारेच्या लांबीत केसाएवढा फरक पडला तरी सूर बीपेक्षा जास्त हलतो. त्यात आपले कान तानपुऱ्यावर पोसलेले. खर्जातून उमटणारा गंधार ज्याने ऐकलाय, त्याला ई मेजर कॉर्ड वाजवताना ‘जी’च्या पहिल्या फ्रेटवरचा गंधार खटकतो, कारण फ्रेटांच्या समान वाटणीत तो सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा आहे. मग हा माणूस ‘जी’ उतरवतो. ई मेजर कसा झाला म्हणता, दृष्ट काढावी असा! मग जी मेजर वाजवतो आणि षड्जच खाली गेलेला असतो. पुन्हा चढवतो. पुन्हा ई मेजर. असा माणूस गिटार सूर धरत नाही म्हणून दुरुस्तीवाल्याकडे जातो. गिटार सूर धरून बसलेली असते, धरसोड याचीच चालू असते. जी दोन-तीन सेंट खाली ठेवून तह करावा आणि पुढचं गाणं घ्यावं.

स्ट्रॅटमध्ये आणखी एक भुताटकी आहे. पिकअप (तारांखालचे, आवाज टिपणारे चुंबक) तारांच्या फार जवळ आले की चुंबक जाड तारांना ओढतो, सूर थरथरतो, ट्यूनर ठरवूच शकत नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवा. भूत उतरतं.

ट्रेमोलोचा तरंगता ब्रिज (तारांचं खालचं टोक धरणारा तुकडा) म्हणजे आघाडी सरकार. एकीकडे सहा तारा, दुसरीकडे तीन स्प्रिंगा. एक तार चढवली की ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या पाच उतरतात. म्हणून सहा तारा एकदाच लावून मोकळं होता येत नाही, तीन फेऱ्या धराव्यात. मागच्या क्लॉचे (स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे) स्क्रू पिळायचे तर अर्धा अर्धा फेरा, आणि दर वेळी पुन्हा सूर. दांडा फक्त खालीच दाबणार असाल तर स्प्रिंगा आवळून ब्रिज लाकडावर टेकवून टाका, असं माझं स्पष्ट मत आहे. निम्मी डोकेदुखी तिथेच जाते.

फ्लॉइड रोजने १९७९ मध्ये पेटंट मिळवलं आणि नटचा प्रश्नच मिटवला: तार दोन्ही टोकांना करकचून पकडायची. पकडण्याआधी ब्रिजवरचे फाइन ट्यूनर (बारीक सूर लावायचे स्क्रू) मधोमध आणून ठेवायचे, नाहीतर नंतर फिरवायला जागा उरत नाही. कुलूप लावलं की खुंट्या नुसत्या शोभेच्या. हे यंत्र खरोखर सूर धरतं, पण एक तार तुटेपर्यंत. तुटली की स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागे बसतो आणि उरलेल्या पाच तारा एकदम चढतात. फाइन ट्यूनरला ते झेपत नाही, नट उघडायला ३ मिलिमीटरची ॲलन की लागते, आणि ती बॅगेच्या कुठल्यातरी आतल्या कप्प्यात असते. हेडस्टॉकच्या मागे बसणारा तिचा छोटा होल्डर मिळतो. तो लावून घ्या, नाहीतर उरलेलं गाणं कीबोर्डवाल्याच्या हवाली करून टाळ्या वाजवत उभे राहा.