मळमळ ‘आपोआप थांबते’, पण तोवर?

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरची मळमळ आपोआप थांबते, असं एका लेखात वाचलं. थांबते हो, पण तोवर पेशंटचे फार हाल होतात. पित्ताशय काढल्यावर माझी वहिनी प्रत्येक उबळीला दोन्ही हातांनी पोट दाबून धरायची. हे बऱ्याच अंशी टाळता येतं. ही मळमळ होण्याचा धोका चार गोष्टींनी वाढतो: बाई असणं, धूम्रपान न करणं, गाडी लागणं किंवा आधीच्या भुलीनंतर उलट्या झालेल्या असणं, नंतर मॉर्फिनसारखी वेदनाशामकं लागणं. चारही गोष्टी असल्या तर 10 पैकी जवळपास 8 जणांना त्रास होतो. अशांना एक औषध पुरत नाही. भूल देताना डेक्सामेथासोन आणि ऑपरेशन संपत आलं की ऑन्डान्सेट्रॉन, अशी जोडी देतात. म्हणून एसटीत उलटी होत असेल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. मधुमेह असेल तर तेही सांगा, डेक्सामेथासोनने साखर वाढते.