इंग्लंडात बेसबॉल होता, लीगही होती

1890 च्या इंग्लंडमधली बेसबॉल लीग कल्पायची, संघ ठरवायचे आणि पाळीपाळीने खेळाडू निवडायचे, असा ड्राफ्ट आम्ही काही मित्र दरवर्षी करतो. त्याचा विषय काढला की तोच फिरता मजकूर कुणीतरी पुढे करतं: बेसबॉल ॲब्नर डबलडे यांनी 1839 मध्ये अमेरिकेतल्या कूपर्सटाउनला शोधला, इंग्लंडात तो कधी खेळलाच गेला नाही, म्हणून तिथली लीग आणि तिचा ड्राफ्ट म्हणजे नुसते मनातले मांडे.

आधी डबलडे. 1839 मध्ये ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते. हा खेळ आपण शोधला, असं ते हयातीत कधीच म्हणाले नाहीत. 1893 मध्ये ते वारले. ही कथा आली 1905 मध्ये, एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या पत्रातून. 1839 मध्ये ते गृहस्थ पाच वर्षांचे होते! खेळाचं मूळ शोधायला नेमलेल्या मिल्स आयोगाने त्यांच्यावर विसंबून निकाल दिला.

उलट जॉन न्यूबेरी यांनी 1744 मध्ये लंडनला काढलेल्या मुलांच्या पुस्तकात ‘बेस-बॉल’ नावाचं कडवं आहे: चेंडू टोलवला की मुलगा पुढच्या खांबाकडे धावत सुटतो आणि आनंदाने घरी परततो. आणि 1755 च्या ईस्टर सोमवारी सरे परगण्यातल्या विल्यम ब्रे या तरुणाने डायरीत लिहिलं, की जेवणानंतर आपण बेसबॉल खेळायला गेलो. सोबत्यांची नावंही त्याने दिली आहेत आणि त्यांत मुली आहेत. मला ही नोंद फार आवडते.

‘लीग नव्हती’ हे तर साफ चूक. 1890 मध्ये ॲस्टन व्हिला, प्रेस्टन नॉर्थ एंड, स्टोक आणि डर्बी अशा चार संघांची लीग खरोखर झाली. डर्बीचे कारखानदार फ्रान्सिस ले अमेरिकेत हा खेळ पाहून भारावले होते; त्यांनी आपल्या ओतशाळेशेजारी मैदान उभारलं. पुढे 1895 पासून 1997 पर्यंत डर्बी काउंटीचं फुटबॉल तिथेच चाललं, आणि शंभर वर्षं त्या फुटबॉलच्या मैदानाचं नाव ‘बेसबॉल ग्राउंड’च राहिलं.

व्यावसायिक लीग एका हंगामातच बसली, हे मान्य. पण खेळ टिकला. 1938 मध्ये इंग्लंडात झालेल्या मालिकेत ब्रिटनने अमेरिकेला 4-1 असं हरवलं. ब्रिटनच्या संघात कॅनडातून आलेले खेळाडू बरेच होते, हेही सांगायला हवं.

राहिला ड्राफ्ट. तो मात्र तेव्हा नव्हता. अमेरिकन फुटबॉलमध्ये तो 1936 ला आला, बेसबॉलमध्ये 1965 ला. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे. ड्राफ्टमध्ये बोली नसते, फक्त पाळी असते, आणि बहुधा तळाच्या संघाला आधी मिळते. पण संघ तुल्यबळ ठेवणाऱ्या अशा वाटपाची गरज 1890 मध्येच दिसली होती. डर्बीकडे अमेरिकन खेळाडू होते, ते सामने जिंकत सुटले, बाकीच्यांनी तक्रार केली, आणि डर्बीने हंगामाच्या मध्येच अंग काढून घेतलं. विजेतेपद ॲस्टन व्हिलाला गेलं.

म्हणून आमच्या ड्राफ्टमध्ये अमेरिकन पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, आधी वाटले जातात, प्रत्येक संघाला एक. मगच जॉन डेव्हीसारख्या माणसाची पाळी येते, जो ॲस्टन व्हिलासाठी फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळला आणि वॉरिकशायरसाठी क्रिकेटही.