सुधारक दारात आला तर...

मंडळी, उद्या तुमच्या गावात कुणी शाळा काढायला निघालाच, तर हातपाय गाळू नका. अलीगढच्या कॉलेजाला विरोध करणाऱ्यांनी वाट घालून दिलेली आहे.

सर सय्यद अहमद खान 1869 मध्ये विलायतेला गेले, केंब्रिज बघून आले आणि 1875 मध्ये अलीगढला मदरसा काढून बसले. मुसलमान पोरांना इंग्रजी आणि विज्ञान शिकवायचं म्हणे! अशा वेळी अभ्यासक्रम चुकूनही वाचू नका, वाचलात तर पटायची भीती. ताट बघा. इंग्रजांच्या पंगतीला बसून जेवणं धर्मात बसतं, अशी पुस्तिकाच त्यांनी 1868 मध्ये काढली होती. पुण्यात पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांकडचा चहा घेतल्यावरून आपल्याकडे वाद पेटला तो 1890 चा, म्हणजे इथंही आपण मागेच.

मग फतवा. गावातला चालत नाही, वजन पडत नाही. सर सय्यद काफिर असल्याचा फतवा मौलवी अली बख्श थेट मक्का-मदिनेहून घेऊन आले. सर सय्यद मात्र खट्याळ. आमच्या काफिरपणाच्या पुण्याईवर एका माणसाला हज तरी घडली, म्हणाले. या अली बख्शांकडून मुख्य गोष्ट शिका: ते गोरखपूरला इंग्रज सरकारचे सब-जज होते. दुसरे कडवे विरोधक इमदाद अली, कानपूरचे डेप्युटी कलेक्टर. पगार इंग्रजांचा घ्यावा, इंग्रजी विद्येवर मात्र थुंकावं. दोन्ही हात मोकळे राहतात.

वर्गणी मागायला आला तर दार लावून घ्या. हा गडी लॉटरी काढतो, म्हातारपणी गरीब विद्यार्थ्यांसाठी स्टेजवर उभा राहतो. पायात घुंगरू बांधल्याचंही लोक सांगतात. त्यावर नाक मुरडा, पैसे वाचतात.

इतकं करूनही कॉलेज उभं राहिलंच, तर मुलाचा अर्ज गुपचूप भरून टाका. आणि धीर धरा, कारण सुधारकालाही कुठंतरी धाप लागते. 1882 मध्ये शिक्षण आयोगापुढे मुलींचा विषय निघाला, तेव्हा हेच सर सय्यद म्हणाले, आधी पुरुष शिकू देत, बायकांचं मग बघू. बघा, तुमचं काम त्यांनीच केलं! एवढं एकच वाक्य जपून ठेवा आणि दर जयंतीला हार घाला.

फक्त फतव्याची दौत कोरडी पडू देऊ नका. 1906 मध्ये अलीगढच्याच शेख अब्दुल्लांनी (काश्मीरचे पुढारी ते वेगळे) त्याच अलीगढमध्ये मुलींची शाळा काढली.