मीठ कोण घेतंय?

"रोज रोज बाहेरचं काय खायचं, तिथे किचन आहे ना, करून खाऊ की मस्त!" हे वाक्य नक्की कोणाच्या तोंडून निघालं ते अजून कळलेलं नाही, विचारलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. पण त्या एका वाक्यापायी चार दिवसांच्या सुट्टीसाठी आमच्या घराचं पंधरा दिवस आधीपासून कोठीघर झालं.

माणसं आठ. नवऱ्याने लगेच एक्सेल शीट उघडली. एका माणसाला एका वेळेला ७५ ग्रॅम कच्चा तांदूळ, आठ जणांना ६०० ग्रॅम, चार वेळा भात म्हणजे २ किलो ४०० ग्रॅम, असं मोठमोठ्याने वाचायला लागला. मी म्हटलं घरी भात लावताना कुठे असतो रे तुझा हा वजनकाटा, तर म्हणे घरी मी लावतच नाही. हे अगदीच खरं असल्यामुळे मला पुढे काही बोलता आलं नाही.

मग ग्रुपवर यादी टाकली. प्रत्येक ओळीखाली सगळ्यांचे अंगठे आले. आता अंगठा म्हणजे 'मी आणते' की 'वाचलं' की 'छान यादी आहे हं वहिनी', हे कोणाला विचारायचं? मला आपली मिठाची धास्ती, कारण मीठ ही हमखास राहणारी गोष्ट, म्हणून मी तीनदा विचारलं, "मीठ कोण घेतंय?" तिन्ही वेळा अंगठे.

जागेच्या फोटोत किचन कसलं चकाचक होतं! ओट्यावर काचेच्या बाऊलमध्ये सहा लिंबं. मी फोटो बोटांनी मोठा करकरून ड्रॉवरच्या आत काय असेल ते बघायचा प्रयत्न केला (दिसत नाही). शेवटी मालकांना फोन केला, तर ते म्हणाले, "सगळं आहे हो मॅडम, काही आणू नका." बोलण्यावरून माणूस कधी ओट्यापाशी उभा राहिला नसावा हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. गेल्यावर बघते तर उंच दांडीचे ग्लास अकरा, भात वाढायला डाव एकही नाही. लिंबं प्लास्टिकची.

सुरी होती. म्हणजे सुरीच्या आकाराचं काहीतरी होतं. टोमॅटोवर ठेवून दाबली की टोमॅटो नुसता आत जायचा, फुगायचा, आणि आपण अजून जोर लावला की फुटायचा. पहिला नणंदेच्या पांढऱ्या टॉपवर फुटला. त्यानंतर टोमॅटो हाताने कुस्करायचे असं सर्वानुमते ठरलं.

खरा घोळ शेगडीने केला. घरून हौसेने मोठं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नेलेलं, आठ माणसांचा भात एकदम होईल असं, आणि तिथे निघालं इंडक्शन. पातेलं ठेवलं की ते टीं टीं टीं करून बंद व्हायचं. आम्ही तिघं मोठी माणसं आळीपाळीने बटणं दाबतोय, प्लग काढून लावतोय, तेवढ्यात नणंदेचा मुलगा फ्रीजवरचं मॅग्नेट घेऊन आला, पातेल्याच्या बुडाला लावलं, ते खाली पडलं. "मामी, चिकटत नाही म्हणजे हे चालणारच नाही." मग तो ते मॅग्नेट घेऊन किचनभर फिरला आणि चिकटलं फक्त एका भांड्याला, ज्यात दोन अंडी जेमतेम उकडतील! आठ जणांचा भात त्यात चार पाळ्यांमध्ये झाला. चौथी पाळी उतरेपर्यंत पहिल्या पाळीवाल्यांना परत भूक लागली.

बर्फाचं मात्र बरोबर जमलं. पाण्याच्या बाटल्या गोठवून दुधाभोवती ठेवल्या, दूध पोचेपर्यंत गार राहिलं आणि नंतर तेच पाणी प्यायलो. ही आयडिया माझी होती, त्यामुळे तिचा कोणीच उल्लेख केला नाही.

आणि पिशव्या उघडल्यावर मीठ? चार पुड्या! मी तीनदा विचारल्यामुळे सगळ्यांनी धसका घेतला होता. तेलाबद्दल मी एकदाही विचारलं नव्हतं, सबब तेल शून्य. नवरा गाडी काढून गेला तो दीड तासाने आला, पाच लिटरचा कॅन घेऊन. लहान नव्हता म्हणे. पुढचे तीन दिवस आम्ही जे दिसेल ते तळलं.

निघायच्या दिवशी खाली माणूस किल्लीसाठी थांबलेला, आणि नवऱ्याने काही राहिलं का बघायला खुर्चीवर चढून सगळ्यात वरचं कपाट उघडलं. आत मिठाच्या सात पुड्या, तोंडाला रबरबँड लावून ओळीत उभ्या. त्यांच्या मागे धारदार सुरी आणि ओपनर, ज्याच्या अभावी आमचा मक्याचा डबा जसा नेला तसाच परत चालला होता.

त्याने आमच्या न फोडलेल्या तीन पुड्या त्या रांगेत नीट लावल्या. चौथी, अर्धी झालेली, मात्र परत पिशवीत टाकली. ती शीटमध्ये होती म्हणे.