रीडिंग पंपापाशीच का भरायचं: आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार साहेब,

पंपांची रीडिंग, म्हणजे गेजवरचे आकडे, फोनवर भरायच्या आमच्या अ‍ॅपबद्दलचा तुमचा अभिप्राय आमच्याकडे सगळ्यांनी वाचला. दोन तारे देताना तुम्ही लिहिलंत की पंपहाऊसमध्ये नेटवर्क नाही आणि अ‍ॅप ‘पेंडिंग’ दाखवत राहतं. फोन भलताच महाग घ्यायला लागला. पंपावर लावलेल्या टॅगला फोन टेकवल्याशिवाय रीडिंग भरता येत नाही, म्हणजे ऑपरेटर पोरांवर पाळत. आणि शिफ्टच्या शेवटी सगळी रीडिंग एकदम भरायची सोय हवी होती.

पेंडिंगचं लगेच सांगतो. रीडिंग फोनमध्ये वेळेसकट साठलेलं असतं. कंट्रोल रूमच्या वायफायमध्ये आलं की आपोआप जातं, आणि वेळ भरतानाचीच राहते. हँडओव्हरच्या आधी पेंडिंग शून्य झालंय का, एवढं शिफ्ट इन्चार्जनं बघावं.

फोनच्या किमतीबद्दलची तक्रार खरी आहे, साध्या फोनच्या कितीतरी पट पैसे जातात. पण तुमच्या पंपहाऊसमध्ये सॉल्व्हंट, म्हणजे पेट घेणारं द्रावक आहे, तो भाग झोन १ मध्ये येतो. म्हणजे रोजच्या कामातसुद्धा अधूनमधून तिथल्या हवेत पेट घेणारी वाफ असू शकते. साधा फोन पडला, बॅटरी शॉर्ट झाली, तर एक ठिणगी पुरते. जाड कव्हर घातल्यानं ती थांबत नाही. इंट्रिन्सिकली सेफ फोनमध्ये सर्किटमधली ऊर्जाच इतकी मर्यादित ठेवलेली असते की बिघाड झाला तरी वाफ पेटत नाही. म्हणून तिथे नागपूरच्या पेसोची, म्हणजे स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेची, मान्यता असलेलाच हँडसेट न्यायचा. यात आम्ही तडजोड करणार नाही, तुम्हीही करू नका. खर्च मात्र कमी करता येईल. माणशी एक फोन घ्यायची गरज नाही. एका वेळी झोनमध्ये जितके जण असतात तितकेच हँडसेट घ्या, पाळी बदलली की ते पुढच्याच्या हातात जातील. कूलिंग टॉवर, डीएम प्लांट (पाण्यातले क्षार काढायचा विभाग) वगैरे तुमच्या एरिया क्लासिफिकेशनच्या, म्हणजे कुठे कोणता झोन ते दाखवणाऱ्या, ड्रॉइंगमध्ये झोनबाहेर असतील, तर तिथे साधे मजबूत फोन चालतील.

आता शेवटी एकदम भरण्याबद्दल. ही सोय आम्ही मुद्दाम दिलेली नाही आणि देणारही नाही. कागदी लॉगशीट तुम्हीही पाहिल्यात, मीही पाहिल्या आहेत. रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत बेअरिंगचं टेम्परेचर ६२, ६२, ६२, एकाच पेनानं, एकाच दमात लिहिलेलं. तो ऑपरेटर कामचुकार असेलच असं नाही. राउंड मारूनही लिहायला पहाटे बसला, तर दोनचा आकडा आठवणार कुठून? त्यात गेज बंद असेल आणि रकाना रिकामा सोडला तर सकाळी बोलणी बसतात, मग माणूस काहीतरी आकडा टाकून मोकळा होतो. अ‍ॅपमध्ये ‘गेज वाचता येत नाही’ आणि ‘पंप स्टँडबाय’ असे दोन पर्याय त्यासाठीच ठेवलेत. पहिला दाबला की इन्स्ट्रुमेंटवाल्यांकडे थेट निरोप जातो. ६२, ६५, ७१ असे खरे आकडे वेळेवर दिसले तर बेअरिंग जाम व्हायच्या आत पंप बदलून घेता येतो. सगळे आकडे पहाटे पाचला आले, तर तो वेळ हातातून गेलेला असतो.

पुढच्या पाळीला मागचं नीट न कळण्याची किंमत फार मोठी असते. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर दिवसपाळीनं एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. त्या कामाच्या परमिटचा, म्हणजे परवानगीचा, कागद रात्रपाळीच्या नजरेस पडला नाही. त्यांनी तो पंप सुरू केला आणि १६७ माणसं गेली. तुमच्या प्लांटमधल्या पोरांचा विचार करताना मला ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

टॅगचं म्हणाल तर तो फक्त काही सेंटीमीटरवरून वाचला जातो. कुठला पंप आणि किती वाजता, एवढंच नोंदवतो. आमचं अ‍ॅप जीपीएस वापरत नाही. रीडिंगवर नाव असतं ते पुढच्या पाळीतल्या माणसाला विचारता यावं म्हणून. कोण किती मिनिटं कुठे थांबला असा रिपोर्ट काही मॅनेजरांनी आमच्याकडे मागितला आहे, आम्ही तो बनवून दिला नाही. पोरांना, ठेकेदाराच्या माणसांनासुद्धा, हे आमच्या तोंडून ऐकायचं असेल तर तिसऱ्या पाळीच्या सुरुवातीला आमचा माणूस येईल, त्यांच्यासोबत एक राउंड मारेल आणि फोनमध्ये नेमकं काय साठतं ते प्रत्येकाला उघडून दाखवेल. दिवस तुम्ही कळवा.

एवढं करूनही नको वाटलं तर करार संपवताना तुमची आजवरची सगळी रीडिंग एक्सेलमध्ये काढून देऊ, त्याचे पैसे लागणार नाहीत.