व्हिडिओ बंद केला तर चालेल काय?

नोकरीच्या जाहिरातींत हल्ली परत एक ओळ दिसायला लागली आहे. "लोकेशन पुणे, रोज ऑफिस." आणि काम काय, तर आलेली बिलं तपासून सिस्टीममध्ये चढवणं! हेच काम २०२० आणि २१ साली कोकणातल्या राजापूर, लांजा, देवगडच्या घरांतून झालं आणि कंपनीचं काही बुडालं नाही. मी भरतीच्या खात्यात आहे. त्या काळात गावच्या घरी माळ्यावर बसून माणसं निवडली, त्यामुळे ही ऐकीव गोष्ट नाही.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा आधी बहुतेकांनी भरतीच थांबवली. मग कामं अडायला लागली तशी ती ऑनलाइन सुरू झाली. पण सुरू झाली म्हणजे काय झालं? कॉन्फरन्स रूममधली मुलाखत होती तशी उचलून झूमवर नेली. समोर तीन साहेब, "टेल मी अबाउट युवरसेल्फ", आणि चेहऱ्यावरचा आत्मविश्वास बघून मार्क. कोथरूडच्या फ्लॅटमधल्या वायफायवर हे खपून जातं. आमच्याकडे वाडीत रेंज नसते, सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर असते.

राजापूरकडच्या एका मुलाची मुलाखत होती. बीकॉम झालेला, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला. पाऊस नुकता सुरू झालेला. मोटरसायकलच्या सीटवर मोबाइल टेकवून, एका हातात छत्री धरून तो सड्यावर उभा. वाऱ्याने आवाज फाटत होता. दुसऱ्याच प्रश्नाला म्हणाला, "मॅडम, व्हिडिओ बंद केला तर चालेल काय? आवाज तरी नीट येईल." पॅनलवरच्या एका साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, "लॅक्स कॉन्फिडन्स." आता बघा, झूमवर धड व्हिडिओ चालायला इंटरनेटचा वेग ६०० केबीपीएसच्या आसपास तरी लागतो, नुसत्या आवाजाला ६० ते ८० पुरतात. अडचण कुठे आहे ते ओळखून, समोरच्याला न दुखावता उपाय सुचवणारा माणूस मला तर सपोर्टच्या कामाला एकदम पक्का वाटला. खूप भांडल्यावर घेतला त्याला.

सगळ्यांसाठी भांडता आलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत लाइट यायला आठवडे लागले. त्याच दिवसांत तिकडच्या पोरांच्या नावापुढे "नो शो", म्हणजे मुलाखतीला आलाच नाही, असा शेरा पडून फाइली बंद होत होत्या. कारण निवडायच्या यादीत "दुसरी नोकरी मिळाली" होतं, "पगार मान्य नाही" होतं, वादळ नव्हतं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आणि जुलैत चिपळूणचा पूर. यादी तीच.

शेवटी आमच्या छोट्या टीमने पद्धतच बदलली. ज्या कामाला माणूस हवा त्याच कामाचा नमुना ईमेलने पाठवायचा. बिलांची एक फाइल, त्यात मुद्दाम पेरलेल्या चुका, आणि दोन दिवसांची मुदत. रेंज मिळेल तिथे फाइल उतरवा, लाइट असेल तेव्हा काम करा. मग साधा फोन, सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न. "दुसऱ्याकडून करून घेतलं तर?" हा वरिष्ठांचा पहिला सवाल. त्यावर फोनवर एवढंच विचारायचं, "गोव्याहून पुण्याला आलेल्या मालाचं बिल का अडवलंत?" ज्याने स्वतः बघितलंय तो लगेच सांगतो की इथे दोन राज्यांमधल्या विक्रीचा आयजीएसटी हवा होता, एकाच राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी लावलाय. ज्याने नाही बघितलं तो रेंज गेल्याचं नाटक करतो. (खरी रेंज गेलेला परत फोन करतो, नाटकवाला करत नाही.) यात आम्ही काही शोध लावला नाही. काम करून दाखवायला सांगणं आणि सगळ्यांना ठरलेलेच प्रश्न विचारणं, या दोन्हींतून मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा माणूस जास्त कळतो, हे १९९८ सालीच श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी जुन्या अभ्यासांची गोळाबेरीज करून दाखवलं होतं.

उलट कॅमेऱ्यावर पाळत ठेवणाऱ्या परीक्षा बघा. एका मुलीचा पेपर संशयास्पद ठरला, कारण मागून आजी चहाचा कप घेऊन गेली. दोन खोल्यांच्या घरात आजीने जायचं कुठे?

निवड झाल्यावरही सगळं सोपं नव्हतं. लॅपटॉपचं कुरियर तालुक्याच्या गावाला येऊन थांबायचं, पुढे कोणीतरी जाऊन आणायचं. घरचे तर धास्तावलेलेच. एका मुलीच्या वडिलांनी मला फोन करून विचारलं, "ऑफिस बघितलं नाही, साहेब बघितला नाही, आणि नोकरी लागली म्हणता? पैसे नाही ना भरायचे?" त्यांचं बरोबरच होतं. लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून पैसे उकळून गायब होणारे तेव्हा बोकाळले होते. ऑफर लेटरच्या मेलमध्ये मी पहिलीच ओळ मराठीत टाकायला लागले, की आम्ही एक रुपयाही घेत नाही.

आणि "घरी ब्रॉडबँड आणि इन्व्हर्टर आहे का?" हा प्रश्न मुलाखतीत विचारणं मला आजही खटकतं. ऑफिसचं भाडं, एसी, कँटीन वाचलं ते कुणाचं वाचलं? त्यातून इन्व्हर्टर द्या की.

सरकारचा अडसर म्हणाल तर तोही राहिला नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने बीपीओंची (दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देणाऱ्या कंपन्यांची) नोंदणीची अट काढली, घरून काय, कुठूनही काम करायला मोकळीक दिली. टीसीएसने तर त्याच वर्षी सांगितलं होतं की २०२५ पर्यंत त्यांच्या फार तर २५ टक्के लोकांनाच एका वेळी ऑफिसात यायची गरज पडेल. २०२३ मध्ये त्याच टीसीएसने पाचही दिवस ऑफिसला या म्हटलं. मोठ्यांनी पाऊल मागे घेतलं की बारक्या कंपन्यांना निमित्तच मिळतं.

टीम एकत्र बसल्याने फरक पडतो हे मला मान्य आहे, नवख्याला तर पडतोच. मग पहिला महिना पुण्यात बोलवा, राहायची सोय करा, काम शिकवा आणि परत पाठवा. पंधरा-अठरा हजारांच्या पगारात खोलीभाडं, मेस आणि गणपती-शिमग्याचं तिकीट काढून पोरं घरी काय पाठवणार?

तुमच्या कंपनीत लोकेशनची अट नसलेल्या जागा असतील तर मला कळवा. अकाउंट्स, टेस्टिंग, सपोर्ट, काहीही चालेल. मुलं-मुली आहेत, कामाचे नमुने तयार आहेत. फक्त पगाराचा आकडा लिहून पाठवा. "ॲज पर इंडस्ट्री स्टँडर्ड" असं लिहिलेलं मी पुढे पाठवत नाही.